माजी विद्यार्थी गौरव प्रकल्प : कार्यनोंदी, जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५

१६ जून २०२४, रविवार

शाळेचे नवे वर्ष काल सुरू झाले आणि आज माजी विद्यार्थी संघाच्या सभेत गौरव प्रकल्पाला मान्यता मिळाली. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील आमच्या माध्यमिक शाळेत शिकून पुढे आपल्या व्यवसायात भरीव काम केलेल्या, तसेच समाजासाठी झटलेल्या माजी विद्यार्थ्यांचा दरवर्षी डिसेंबरात, स्नेहसंमेलनाच्या सुमारास, शाळेच्या वतीने सन्मान करावा, असा हा ठराव आहे. नोंदी ठेवण्याचे काम चिटणीस या नात्याने माझ्याकडे आले. निर्णयाबरोबर त्यामागची चर्चाही लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या समितीला तेच वाद पुन्हा घालावे लागणार नाहीत, अशी सूचना अध्यक्षांनी केली. सूचना योग्यच आहे. वाद टळतील असे मात्र मला वाटत नाही.

पहिला प्रश्न सन्मानाच्या नावाचा निघाला. आपला तालुका या बाबतीत श्रीमंत आहे. मुरुडचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली, वयाच्या शंभरीत, भारतरत्न मिळाले. दापोलीच्या मिशन शाळेत शिकलेल्या पां. वा. काणे यांना तोच सन्मान १९६३ साली मिळाला. आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे रँग्लर र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिले आले, आणि पालगडचे साने गुरुजी तर घरोघरी ठाऊक आहेत. यांपैकी एखादे नाव सन्मानाला द्यावे, असे बहुतेकांचे मत होते. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी साधी हरकत घेतली, की यांतले कोणीही आपल्या शाळेचे विद्यार्थी नव्हते, आपली शाळा त्यांच्या विद्यार्थिदशेनंतर कितीतरी वर्षांनी, गेल्या शतकाच्या मध्यावर निघाली. तेव्हा त्यांच्या नावाचा आधार घेतला तर आपल्या मुलामुलींचे काम त्या नावांच्या सावलीत झाकले जाईल. हरकत मान्य झाली. सन्मानाला शाळेचेच नाव राहील.

गट दोन ठरले, व्यवसाय आणि लोकसेवा. कोणाला पहिला, कोणाला दुसरा असा क्रमांक द्यायचा नाही.

३० जून २०२४, रविवार

माजी विद्यार्थी कोणाला म्हणावे, यावर आजची जवळजवळ संपूर्ण सभा गेली. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेलाच माजी विद्यार्थी धरावा, असा प्रस्ताव प्रथम आला. वरवर तो सोयीचा होता, कारण उत्तीर्णांच्या याद्या शाळेत आहेत आणि त्या सुवाच्य आहेत. परंतु १९७५ साली राज्यात दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, त्यापूर्वी शालान्त म्हणजे जुनी अकरावी असे. त्या काळात किनाऱ्यावरच्या वाड्यांतून आठवी-नववीपर्यंत येऊन शाळा सोडणारी मुले इतकी होती, की उत्तीर्ण होण्याची अट घातली तर शाळेच्या पहिल्या दोन-अडीच दशकांतील बरीचशी मुले आणि मुली तर जवळपास सगळ्याच बाहेर राहतील.

शेवटी असे ठरले, की ज्याचे किंवा जिचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, आहे आणि ज्याने किंवा जिने किमान दोन वर्षे येथे शिक्षण घेतले आहे, ती प्रत्येक व्यक्ती पात्र आहे. एका सदस्यांनी यावर, मग नापासांचाही सत्कार करणार का, असा प्रश्न विचारला. होय, असे उत्तर अध्यक्षांनी एका शब्दात दिले आणि पुढचा विषय घेतला.

१४ जुलै २०२४, रविवार

पाऊस इतका आहे, की आजच्या बैठकीला फक्त गावातलेच लोक पोहोचले. त्याचा लाभ घेऊन दप्तरखोलीतील जनरल रजिस्टरे बाहेर काढली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले, त्यात शाळेचे पत्रे उडाले आणि दप्तरखोलीत पाणी शिरले होते. तेव्हाच्या शिपायांनी आणि दोन शिक्षकांनी रजिस्टरे हातात धरून शेजारच्या कौलारू घराच्या माळ्यावर नेली, म्हणून ती आज आहेत. जुन्या खंडांची पाने एकमेकांस चिकटली आहेत, शाई पसरली आहे, काही ठिकाणी केवळ अनुक्रमांक वाचता येतो. वाचण्याची पद्धत अशी ठरवली, की पान जबरीने सोडवायचे नाही. ज्या पानांवरील नावे लागत नाहीत, त्यांच्यासाठी त्या वर्षांचे हजेरीपट, परीक्षेच्या गुणपत्रिकांची वही आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांची स्थळप्रत पडताळायची. तीनपैकी कोठेतरी नाव सापडतेच.

रजिस्टर वाचणे हे कंटाळवाणे काम असेल, अशी माझी समजूत होती. परंतु ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना लागला आणि आम्ही सर्वजण त्यातच गुंतलो. ‘मुंबईस गेल्यामुळे’ हे कारण मुलांच्या बाबतीत पानोपान आहे. या मुंबईचा अर्थ गिरणी, गोदी किंवा कोणा नातेवाइकाची खानावळ असा असे. मुलींच्या बाबतीत ‘लग्न झाल्यामुळे’, ‘घरकामासाठी’ आणि सर्वांत अधिक ‘पालकांच्या इच्छेवरून’ असे आहे. मच्छीमार कुटुंबांतील काही मुलांपुढे ‘सतत गैरहजर’ एवढेच लिहिलेले आढळते. त्या गैरहजेरीचे महिने पाहिले तर ते बहुधा मासेमारीच्या हंगामाचे आहेत, म्हणजे मूल आळशी नव्हते, होडीवर होते. एका नावापुढे ‘हुशार, शुल्क भरू न शकल्याने’ असे कोणा मुख्याध्यापकांनी नियमाबाहेर जाऊन लिहून ठेवले आहे.

शाळेतून कोण मोठे होऊन बाहेर पडले, हे आम्ही शोधायला बसलो होतो. ज्यांना शाळा अर्ध्यावर सोडावी लागली आणि तरीही ज्यांनी पुढे काही उभे केले, त्यांना या यादीत जागा नसेल तर हा सन्मान शाळेच्या इतिहासाशी प्रामाणिक राहणार नाही, असे माझे मत आज पक्के झाले. ते मी सभेत मांडले आणि येथे नोंदवून ठेवत आहे.

२८ जुलै २०२४, रविवार

शिफारस अर्जाचा नमुना मंजूर झाला. अर्ज एका पानाचा आहे. त्यात व्यक्तीचे शाळेतील नाव, सध्याचे नाव, शाळेतील अंदाजे वर्षे, केलेले काम, ते काम प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन व्यक्तींची नावे आणि शिफारस करणाऱ्याचे त्या व्यक्तीशी नाते असे रकाने आहेत. स्वतःची शिफारस स्वतः करता येणार नाही.

रजिस्टरात जात, जन्मतारीख, पूर्वीची शाळा असा तपशील असतो. त्यामुळे त्याच्या पानांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर टाकण्यास सक्त मनाई केली आहे. २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, त्याचा उल्लेख एका वकील सदस्यांनी केला. कायदा नसता तरी ही मनाई आवश्यकच होती.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

शिफारशी आल्या आणि त्या पाहून समाधानापेक्षा काळजी अधिक वाटली. बहुतेक सर्व पुरुषांच्या आहेत. बहुतेक सर्व मुंबई, पुणे किंवा परदेशात स्थायिक झालेल्यांच्या आहेत. पदांची नावे मोठी आहेत, परंतु ‘केलेले काम’ या रकान्यात पुष्कळ ठिकाणी ‘गावाचे नाव मोठे केले’ एवढेच वाक्य आहे. गावाचे नाव कसे मोठे केले, हे विचारल्यावर शिफारस करणारे गृहस्थ चकित झाले, कारण असा प्रश्न कोणी विचारू शकते, हे त्यांच्या मनातच आले नव्हते.

कोकणातील माणसाची यशाची कल्पना गेली दीडशे वर्षे बाहेर जाण्याशी बांधलेली आहे. येथील शेतीने पोट भरत नव्हते, म्हणून जाणे भाग होते, आणि जो गेला तो मनिऑर्डर पाठवू लागला, म्हणून त्याला मान मिळाला. यात चुकीचे काही नाही. परंतु त्यामुळे जे राहिले त्यांच्याकडे पाहण्याची नजरच आपल्याला उरलेली नाही. उपकेंद्रातील परिचारिका, कलमे बांधणारा माळी, एस.टी.चा चालक, बालवाडी चालवणारी बाई यांची एकही शिफारस आलेली नाही. याचा अर्थ असे लोक नाहीत असा नसून, त्यांच्या नावाने अर्ज भरायला हवा असे कोणाला सुचलेच नाही, असा आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात सातत्याने अव्वल राहतो, त्याचा आपल्याला अभिमान असतो. ही मुले पुढे काय करतात, आणि त्यांच्यातली जी येथेच राहतात ती काय करतात, याची विचारपूस मात्र कोणी करत नाही.

समितीने दोन उपाय ठरवले. पहिला असा, की प्रत्येक वाडीत एक सदस्य जाऊन ‘अडचणीच्या वेळी तुम्ही कोणाकडे जाता’ एवढाच प्रश्न विचारील. दुसरा उपाय स्त्रियांसंबंधी असून त्याला गणपतीपर्यंत थांबावे लागणार आहे.

१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार

आज गौरींचे विसर्जन झाले. कालचा आणि परवाचा दिवस या प्रकल्पाच्या दृष्टीने आतापर्यंतचा सर्वांत फलदायी ठरला.

स्त्री माजी विद्यार्थिनींचा शोध लागत नाही, याचे मूळ कारण रजिस्टरातच आहे. तेथे माहेरचे नाव असते. लग्नानंतर आडनाव बदलते आणि पूर्वी तर पुष्कळदा पहिले नावही बदलत असे, त्यामुळे शाळेच्या दप्तरातील मुलगी आणि आज कोठेतरी मोठे काम करणारी बाई या दोघी एकच आहेत, हे कागदावरून कोणालाही कळू शकत नाही. मुलगा शोधायचा तर त्याचे घर तेथेच असते, आडनाव तेच असते, भावकी पत्ता सांगते. मुलीच्या बाबतीत तो धागा माहेरच्या उंबऱ्याशी तुटतो.

गौरीला मात्र माहेरवाशिणी येतात. नववधूंचा ओवसा, म्हणजे लग्नानंतरचे गौरीपूजन, असतो, आणि मोठ्या वयाच्या बायकाही भावाकडे गणपतीला हमखास येतात. म्हणून समितीतील तिघी सदस्या रजिस्टरातून उतरवलेली मुलींची नावे घेऊन आरतीच्या वेळी घरोघर गेल्या. प्रश्न ‘तुमच्या घरात कोणी सत्कारायोग्य आहे का’ असा विचारायचा नाही, ‘तुमच्याबरोबर वर्गात कोण कोण होत्या आणि आता त्या काय करतात’ असा विचारायचा, हे त्यांनीच ठरवले होते. पहिल्या प्रश्नाला बायका संकोचाने नाही म्हणतात. दुसऱ्याला तासभर उत्तर देतात.

यातून जी नावे आली, त्यांपैकी दोन पुढे नेण्यासारखी आहेत. एक बाई १९७०च्या दशकात येथून शालान्त होऊन, पुढे रसायनशास्त्रात संशोधन करून, पुण्यातील एका राष्ट्रीय प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या. त्यांच्या सख्ख्या शेजाऱ्यांनाही त्या ‘पुण्याला नोकरी करतात’ यापलीकडे माहिती नव्हती. दुसऱ्या बाई आरोग्यसेविका म्हणून डोंगरपट्टीतील उपकेंद्रांत राबल्या आणि आता तालुक्यातच राहतात. दोघींच्याही शिफारशी त्यांच्या वर्गमैत्रिणींनी जागेवरच भरून दिल्या.

चाकरमान्यांच्या गाड्या परतीला लागल्या आहेत. उद्यापासून गाव पुन्हा रिकामे होईल आणि आमच्या सभाही नेहमीच्या मोजक्या लोकांत होतील.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आजची चर्चा अप्रिय होती, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

कार्यक्रमाचा संपूर्ण खर्च उचलण्याची तयारी एका माजी विद्यार्थ्याने पत्राने कळवली. त्याच पाकिटात, वेगळ्या कागदावर, त्यांच्या निकटवर्तीयाची शिफारसही होती. दोन्ही कागदांचा परस्परांशी संबंध नाही, असे पत्रात स्पष्ट लिहिले होते, आणि ते लिहावे लागले यातच संबंध दिसत होता. समितीत दोन मते पडली. शाळेची पटसंख्या घटते आहे, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदे ठरवताना, शिक्षकांची पदे कमी होतात, छप्पर पुन्हा दुरुस्तीला आले आहे. अशा वेळी चालून आलेली देणगी नाकारणे हा दिमाख आपल्याला परवडत नाही, असे एक मत होते. ते मत मांडणारे सदस्य स्वतः दरवर्षी पदरमोड करून शाळेला मदत करतात, तेव्हा त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

दुसरे मत माझेही होते. देणगीची पावती देणगीदाराला मिळतेच, त्याचे नाव फलकावर लागते, आभाराचे पत्र जाते. सन्मान ही जर दुसरी पावती ठरली, तर पहिल्याच वर्षी मुले ते ओळखतील. गावातील मुलांना व्यासपीठावरचा माणूस तेथे कशामुळे बसला आहे, हे नेमके कळते. शिवाय ज्या आरोग्यसेविकेकडे देण्यासाठी निवृत्तिवेतनापलीकडे काही नाही, तिला त्याच रांगेत बसवून आपण तिचाही मान उणा करू.

बऱ्याच वेळाने पुढील नियम एकमताने झाले. कार्यक्रमाचा खर्च लहान वर्गणीतून भागवायचा आणि एका व्यक्तीकडून घ्यायच्या रकमेला कमाल मर्यादा ठेवायची. शाळेला मोठी देणगी देणाऱ्याचा किंवा त्याच्या निकटच्या नातेवाइकाचा विचार देणगीनंतर दोन वर्षे करायचा नाही. सन्मानाच्या व्यासपीठावरून देणगीचे आवाहन करायचे नाही. त्या गृहस्थांना अध्यक्ष स्वतः भेटून हे सांगणार आहेत.

याच ओघात आणखी एक प्रश्न सुटला. वादळानंतर शाळेच्या छपराचा आराखडा ज्या माजी विद्यार्थिनी अभियंत्याने विनामूल्य करून दिला, तिची शिफारस लोकसेवा गटात आली होती. शाळेसाठी केलेले काम हे शाळेवरील ऋण आहे, त्याचे आभार शाळेने स्वतंत्रपणे आणि मनापासून मानावेत. परंतु लोकसेवा गटात शाळेच्या कुंपणाबाहेरच्या लोकांसाठी केलेलेच काम धरावे, असे ठरले. त्या अभियंत्याने हे कळल्यावर, मला हेच योग्य वाटते, असे उत्तर पाठवले.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता १५ तारखेपासून लागू झाली आहे. मतदान २० नोव्हेंबरला आहे. शाळा मतदान केंद्र असते, शिक्षक निवडणुकीच्या कामाला जातील आणि दिवाळीची सुट्टीही मध्ये येते. पडताळणीचे काम तेवढे चालू ठेवले आहे. प्रमुख पाहुणा म्हणून कोणाही राजकीय व्यक्तीला बोलवायचे नाही, हे आधीच ठरले असल्याने निकालाची वाट पाहण्याची गरज नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

पडताळणी पूर्ण झाली आणि पाच नावे निश्चित झाली. प्रत्येकाच्या बाबतीत समितीच्या सदस्यांनी प्रत्यक्ष जाऊन, काम पाहिलेल्या माणसांशी बोलून टिपणे केली आहेत.

आरोग्यसेविका बाईंच्या बाबतीत कागदपत्रे फारशी नव्हती. डोंगराळ भागात साधारण ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असे शासनाचे प्रमाण आहे. कागदावर हा आकडा लहान दिसतो. पाखाड्या चढून एकेका धनगरवाड्यावर जायचे तर त्याचा अर्थ वेगळा होतो. पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली तेव्हा लसीचा थंड डबा खांद्याला लावून त्या ज्या वाड्यांवर गेल्या, तेथील लोक आजही त्यांना ‘डोसवाल्या ताई’ म्हणतात. भारतातील शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या राष्ट्रीय यशात आपल्या शाळेच्या एका मुलीचे पायही आहेत, हे आजवर कोणी म्हटले नव्हते.

कलमे बांधणारे गृहस्थ नववीत शाळा सोडून गेलेले. १९९० पासून राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली, तेव्हा कोकणात आंबा-काजूच्या कलमांची मागणी एकदम वाढली. दापोलीच्या कृषी विद्यापीठात कोय कलमाचे, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर कलम बांधण्याचे, तंत्र शिकून आलेल्या या तरुणाने स्वतःची रोपवाटिका तर काढलीच, पण वाडीतील मुलांना कलम बांधायला बसवून शिकवले. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे आज किनाऱ्यावरच्या अनेक गावांत आहेत. निसर्ग वादळानंतर बागायतदार हवालदिल झाले असताना, कोणते झाड फांद्या छाटून, मुळांना माती देऊन पुन्हा उभे करता येईल आणि कोणते सोडून द्यावे, हे सांगत ते बागोबाग फिरले. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावायला त्यांनी मुलांनाच कामाला लावले. शाळेत त्यांच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा आहे.

तिसरे नाव एका वीज तंत्रज्ञाचे, गावच्या भाषेत वायरमनचे. त्यावर मात्र खरा मतभेद झाला. वादळानंतर तालुक्यातील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि हा माणूस भर पावसात पडलेल्या खांबांमधून तारा ओढत होता. परंतु ते त्याचे कर्तव्यच होते, त्यासाठी त्याला पगार मिळत होता, मग त्यात लोकसेवा कोणती, असा आक्षेप आला. आक्षेप रास्त होता, म्हणूनच त्यांचे नाव लोकसेवा गटातून काढून व्यवसाय गटात घातले. शास्त्रज्ञ बाईंनी प्रयोगशाळेत केलेले कामही पगारीच होते, आणि त्यांच्याविषयी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. व्यवसाय गट हा मोठ्या पदांचा गट नाही. आपले काम चोख करणाऱ्यांचा तो गट आहे, हे त्या एका नावाने स्पष्ट झाले.

चौथ्या त्या शास्त्रज्ञ बाई. पाचवे एक निवृत्त जहाज अभियंता. किनाऱ्यावरील मुलांना मर्चंट नेव्हीचे आकर्षण फार, आणि नोकरीचे आमिष दाखवून पैसे उकळणारे दलालही तितकेच. नौवहन महासंचालनालयाचा परवाना असल्याशिवाय कोणालाही खलाशी भरती करता येत नाही, तो परवाना पडताळून कसा पाहावा, कोणते प्राथमिक प्रशिक्षण अनिवार्य आहे, करारनाम्यात काय वाचावे, हे ते सुट्टीच्या दिवशी मुलांना आणि पालकांना समजावून सांगतात. यासाठी ते काही घेत नाहीत.

८ डिसेंबर २०२४, रविवार

मानपत्रांचे मसुदे वाचले आणि बहुतेक परत पाठवले. ‘थोर समाजसेवक’, ‘आदर्श व्यक्तिमत्त्व’, ‘तालुक्याचे भूषण’, ‘निःस्वार्थ वृत्तीचा मूर्तिमंत आदर्श’ हे शब्द पाचही मानपत्रांत होते. नावे अदलाबदल केली असती तरी कोणाच्या लक्षात आले नसते. माझा नियम एवढाच, की विशेषण काढून टाकायचे आणि त्याच्या जागी घडलेली गोष्ट लिहायची. आरोग्यसेविकेच्या मानपत्रात आता उपकेंद्रांची नावे आहेत, पावसाळ्यात ओढा ओलांडून केलेल्या बाळंतपणांचा उल्लेख आहे, आणि त्यांनी कोणत्या वाडीत लसीला असलेला विरोध कसा मोडून काढला, हे तीन वाक्यांत आहे. कलमकारांच्या मानपत्रात त्यांनी नववीत शाळा सोडली, हे लपवलेले नाही. तसे लिहिण्यास त्यांनी स्वतः संमती दिली.

मराठीच्या बाईंनी मानपत्र एका पानात बसलेच पाहिजे, हा आग्रह धरला आणि तो पाळला गेला. ते वाचून दाखवण्याचे काम नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडे आहे. त्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने संबंधित व्यक्तीची मुलाखत घेऊन यायचे आहे, म्हणजे तो जे वाचील ते त्याला समजलेले असेल.

शाल द्यावी की नाही, यावर किनाऱ्याच्या दमट हवेत शालीचा उपयोग काय, असा प्रश्न निघाला. परंतु शालीशिवाय सत्कार झाला असे ज्येष्ठांना वाटणार नाही, म्हणून शाल आणि श्रीफळ दोन्ही राहिली. श्रीफळे गावातल्याच माडांची.

२७ डिसेंबर २०२४, शुक्रवार

कार्यक्रम परवा, रविवारी, होता. काल रात्री माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचे निधन झाले आणि केंद्र सरकारने १ जानेवारीपर्यंत सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. अशा काळात स्नेहसंमेलन आणि सन्मानाचा सोहळा करणे उचित नाही, यावर दुमत झाले नाही. कार्यक्रम १२ जानेवारी, रविवार या दिवशी होईल.

मुलांना शोकसभेत सांगण्यासाठी एक संदर्भ माझ्या मनात आला. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री या दोन्ही पदांवर काम केलेले डॉ. सिंग हे पहिले नव्हते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे १९५० ते १९५६ या काळात अर्थमंत्री असलेले चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेले, आपल्याच किनारपट्टीवरच्या रायगड जिल्ह्यातले. मुख्याध्यापकांनी सकाळच्या परिपाठात ते सांगितले.

पुढे ढकलल्याचा सर्वांत मोठा त्रास मुंबईहून येणाऱ्यांना झाला. रेल्वेची आरक्षणे आता ६० दिवस आधी खुली होतात, तेव्हा संक्रांतीच्या तोंडावर खेडपर्यंतचे तिकीट मिळणे कठीणच. बऱ्याच जणांनी एस.टी.ने किंवा एकत्र गाडी करून येण्याचे ठरवले आहे. शास्त्रज्ञ बाईंनी तारीख बदलल्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

कार्यक्रम झाला. व्यासपीठावर खुर्च्या केवळ सत्कारमूर्तींच्या होत्या. पदाधिकारी आणि समिती खाली विद्यार्थ्यांमध्ये बसली. स्वागतपर भाषण एकच झाले. निमंत्रितांची नावे वाचण्यात जाणारा वेळ वाचला आणि तो मुलांनी घेतलेल्या मुलाखतींना मिळाला.

वायरमनचे मानपत्र वाचणाऱ्या दहावीच्या मुलीने, मसुद्यात नसलेले एक वाक्य वाचले: वादळानंतर त्यांचे स्वतःचे घर सर्वांत शेवटी उजळले, कारण ते वीजवाहिनीच्या अगदी टोकाला होते. मुलाखतीत तिला ते समजले होते आणि समितीच्या पडताळणीत कोणालाही ते विचारावेसे वाटले नव्हते. कलमकार बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी भाषण केले नाही. खिशातून चाकू काढून, बरोबर आणलेल्या कोंबावर कलम बांधून दाखवले आणि ते रोप मुख्याध्यापकांच्या हाती दिले. शास्त्रज्ञ बाईंना एका मुलाने, तुम्ही गावी का परत आला नाहीत, असे सरळ विचारले. आमच्यातले काही अस्वस्थ झाले. त्यांनी मात्र, त्या काळी माझ्या कामाला लागणारी उपकरणे येथे नव्हती आणि आजही नाहीत, असे तितकेच सरळ उत्तर दिले, आणि दुपारी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत बसून, कोणती रसायने कालबाह्य झाली आहेत ती बाजूला काढून दिली.

जहाज अभियंत्यांभोवती दुपारभर मुलांचा गराडा होता. त्यांनी आपल्या सत्काराविषयी एवढेच म्हटले, की पुढच्या वर्षी दलालांपासून सावध करणारे एक पत्रक शाळेनेच छापावे.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

हिशेब तपासून संघापुढे ठेवले. वर्गणीतून खर्च भागला आणि थोडी शिल्लक राहिली. ती रजिस्टरांच्या जुन्या खंडांची पाने सोडवून त्यांची डिजिटल प्रत करण्यासाठी राखून ठेवली आहे. दहावीची परीक्षा २१ तारखेपासून सुरू होत असल्याने, पत्रकाचे काम आणि पुढील शिफारशी मे महिन्यात, मुंबईकर गावी आल्यावर, हाती घेण्यात येतील.

प्रलंबित शिफारशींत एक अशी आहे, की तिच्यासाठी मे महिन्यापर्यंत थांबता येणार नाही. १९६०च्या दशकात आठवीतून शाळा सोडून गिरणीत लागलेल्या एका गृहस्थांनी लालबागमधील गावकीची, म्हणजे गावच्या मंडळाची सामाईक, खोली अनेक वर्षे सांभाळली. गावाहून आलेल्या कोणत्याही मुलाला नोकरी लागेपर्यंत तेथे पथारी मिळे, आणि १९८२च्या संपात पगार बंद असतानाही त्यांनी ती खोली बंद होऊ दिली नाही, असे तिघांनी स्वतंत्रपणे लिहून कळवले आहे. त्यांचे वय ८०च्या पुढे आहे. मंडळाची इतिवृत्ते आणि खोलीच्या भाड्याच्या पावत्या त्यांच्याच ट्रंकेत आहेत, असे समजते. समितीचे मुंबईस्थित दोन सदस्य येत्या शनिवारी त्यांना भेटून ती कागदपत्रे पाहणार असून, त्यांच्या टिपणाची प्रत या वहीस जोडली जाईल.